उभ्या गाडीचा हिवाळा



दिवाळी झाली. सोयाबीन घरात आलं, काहींचं बाजारातही गेलं. कपाशीची वेचणी चालू आहे, तूर शेंगांवर आहे, हरभरा वर आला आहे. याच दिवसांत आपल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं गाव सोडतात. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्याला, कुणी सुरतेला. ती परत येतात ती होळी-पाडव्याच्या सुमाराला. मागे राहतो आपण, म्हातारी माणसं, लेकरं, ढोरं आणि अंगणात उभी असलेली जुनी गाडी.

कुणाकडे सासऱ्यांनी घेतलेली डिझेल जीप असते, कुणाकडे बजाजची चेतक, कुणाकडे लुना, कुणाकडे मारुती आठशे. चालवणारा माणूस गेला की गाडीवर ताडपत्री टाकायची आणि चावी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवायची, ही आपली रीत. गाडीकडे पाहायला कुणी सांगितलं, तर उत्तरही ठरलेलं असतं, ‘‘उभीच तं हाये, तिले काय होते?’’

आज आपण याच प्रश्नाचं उत्तर पाहणार आहोत. उभ्या गाडीला बरंच काही होतं, आणि ते थांबवायचं काम बहुतेक आपल्या हातातलं आहे.

एका रात्रीची गोष्ट

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीकडे अशीच जीप होती. दीर कामाला बाहेरगावी, जीप दिवाळीपासून गोठ्याशेजारी उभी. संक्रांतीच्या आधी एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला, गाडी निघाली होती, पण लांबून येणार होती. तोवर आपली जीप काढू असं ठरलं. गावातला एक मुलगा चालवायला तयार झाला. चावी फिरवली तर नुसतं ‘टक’ वाजलं. बॅटरी उतरली होती. मग आम्ही सात-आठ जणी धक्का द्यायला लागलो. जीप जागची हलेना. हँडब्रेक ओढून ठेवलेला होता, आणि तो सोडल्यावरही मागचं चाक आतून चिकटूनच राहिलं. शेवटी एका शेजाऱ्याचा टेम्पो मिळाला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण अर्धा-पाऊण तास हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आला. तो म्हणाला, गाडीत मोठा बिघाड काहीच नाही. बॅटरीची वायर काढून ठेवली असती आणि हँडब्रेक सोडलेला असता, तर जीप निघाली असती. पाच मिनिटांचं काम होतं, पण ते करायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही मेस्त्रीला विचारून विचारून शिकत गेलो.

जुनी गाडी म्हणजे भंगार नव्हे

आपल्या दारातल्या या गाड्यांना इतिहास आहे. जीप मुळात दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनली. महिंद्रा कंपनीनं १९४७ मध्ये मुंबईत तिची जोडणी सुरू केली, आणि आज खेड्यापाड्यांत दिसणारी जुनी जीप त्याच वंशातली आहे. लुना १९७२ साली आली, ती आपल्याच महाराष्ट्रातल्या कायनेटिक कंपनीची. चेतक पुण्याच्या बजाजची, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेतलेली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिचा रस्त्यावरचा शेवटचा काळ २०२३ मध्ये संपला, तेव्हा मुंबईकर हळहळले होते.

परदेशात थंड मुलखांत लोक जुन्या गाड्या हिवाळाभर झाकून ठेवतात. तिथे रस्त्यावर बर्फ पडतो, तो वितळावा म्हणून मीठ टाकतात, आणि त्या मिठानं गाडीचा पत्रा गंजतो. पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणूनही त्यांना जपावं लागतं. आपल्याकडे बर्फ नाही. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकरकडे थंडी जरा जास्त, घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूरकडे कमी, पण पाणी गोठत नाही. मग आपल्या गाडीचे वैरी कोण? दव, धूळ, उंदीर, खारं पाणी आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे नुसतं उभं राहणं. एकेक करून पाहू.

बॅटरी: न वापरताही उतरते

बॅटरी म्हणजे पाण्याचा माठ समजा. तोटी बंद असली तरी माठ थोडा थोडा पाझरतो. बॅटरीही काही न करता हळूहळू उतरते. त्यात घड्याळ, टेप, एखादी जुनी खराब वायर जोडलेली असली तर आणखी लवकर. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही. थंडीत आणखी एक अडचण होते. बॅटरीचा जोर कमी पडतो आणि इंजिनातलं ऑइल घट्ट होतं. म्हणजे ताकद कमी आणि ओझं जास्त. म्हणूनच गाडी पहाटे दगा देते.

काय करायचं? गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा. आधी काळी, म्हणजे वजा खुणेची वायर काढा, मग लाल. जोडताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. या क्रमानं ठिणगी उडण्याचा धोका कमी होतो. बॅटरीतून जळणारा वायू निघतो, म्हणून जवळ दिवा, विडी, काडी काही नको. आतलं पाणी तेजाबाचं असतं, हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

तोंडावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर वायरी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा. टोपणं घट्ट लावलेली असू द्या, सोड्याचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही. कोरडी करा, वायरी बसवल्यावर वरून व्हॅसलीन लावा. महिन्यातून एकदा गावातल्या बॅटरीवाल्याकडून तपासून घ्या. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा. १२ च्या खाली म्हणजे ती रिकामीच आहे.

खारं पाणी गाडीला पाजू नका

शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर भागातल्या मैत्रिणींना खारपाणपट्टा सांगायला नको. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा थर चढतो. तोच थर गाडीच्या रेडिएटरमध्येही चढतो. बारीक नळ्या बुजतात, पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. घाटावरच्या बोअरचं पाणीही पुष्कळदा जड असतं.

म्हणून रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण घाला. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ‘‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?’’ असं बरेच म्हणतात. पण कूलंट फक्त गोठणं थांबवत नाही, तो आतून गंज धरू देत नाही आणि पाणी लवकर उकळू देत नाही. बॅटरीत मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. विहिरीचं नाही, नळाचं नाही, फिल्टरचंही नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

तेल आणि इंधन

वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये काजळी, ओल आणि आंबटपणा उतरलेला असतो. तेच तेल चार महिने आत राहिलं तर इंजिनाचे भाग खातं. तेल बदलायचंच असेल तर गाडी उभी करण्याआधी बदला, नंतर नाही. भांडी खरकटी ठेवून गावाला जात नाही, तसंच हे.

डिझेल गाडीची टाकी भरून ठेवा. टाकी अर्धी रिकामी असली की तिच्यात हवा असते, रात्री गारठा पडला की त्या हवेतली ओल टाकीच्या पत्र्याला आतून धरते आणि पाण्याचे थेंब डिझेलखाली जमतात. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून हे पाणी काढता येतं, मेस्त्रीकडून एकदा पाहून घ्या. टाकी अगदी कोरडी होऊ दिली तर डिझेलच्या नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय गाडी चालू होत नाही.

लुना, चेतक यांचं वेगळं आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट होतं आणि बारीक भोकं बुजतात. उपाय सोपा आहे. गाडी चालू करा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटर रिकामा होतो. रबरी नळीला चिरा दिसल्या तर नळी बदला, ती स्वस्तातली वस्तू आहे. पेट्रोलचं कुठलंही काम उघड्यावर, चूल-शेकोटीपासून लांब करा.

चाकं आणि ब्रेक

एकाच जागी उभ्या गाडीचं सगळं वजन टायरच्या एकाच भागावर येतं आणि तो भाग चपटा होतो. उभी करताना नेहमीपेक्षा चार-पाच पौंड हवा जास्त भरा, मात्र टायरवर लिहिलेल्या हद्दीच्या पुढे जाऊ नका. दर पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे-मागे सरकवा. पुन्हा रस्त्यावर काढताना हवा नेहमीइतकी करा.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओल लागून ब्रेकचा पट्टा आतल्या ड्रमला चिकटतो. आमच्या जीपचं तेच झालं होतं. गाडी सपाट जागी उभी करा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाच्या पुढे-मागे दगड लावा. चावी फिरवण्याआधी गाडी न्यूट्रल करायला विसरू नका, नाहीतर ती पुढे उडी घेते.

जागा आणि पांघरूण

गोठ्याला लागून गाडी उभी करू नका. शेण-मुताचा जो उग्र वास नाकात जातो, तो अमोनिया वायू. तांब्या-पितळेला तो खातो, आणि गाडीच्या वायरी तांब्याच्याच असतात. तसंच युरिया किंवा मिश्रखताची पोती गाडीत ठेवू नका. खत हवेतली ओल ओढतं, आणि सांडलेलं खत पत्र्याला भोकं पाडतं. खताची ने-आण झाली असेल तर गाडी उभी करण्याआधी आतून धुऊन उन्हात वाळवा.

प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट गुंडाळली की ओल आतच राहते. ओलसर ज्वारी कणगीत भरली तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. धान्याचा नियम इथेही लागू: आधी वाळवा, मग झाका, आणि झाकलेल्याला हवा लागू द्या. जुन्या सुती लुगड्यांचं किंवा चादरींचं पांघरूण शिवा. ते धूळ अडवतं आणि हवा खेळू देतं. वर छप्पर नसेल तर ताडपत्री चार खांबांना बांधून मांडवासारखी वर धरा, गाडीला टेकवू नका. ऊन असेल त्या दिवशी पांघरूण काढून दारं-खिडक्या तासभर उघड्या ठेवा.

उंदीर, साप आणि मांजर

रानातलं पीक निघालं की उंदीर घराकडे येतात. उबेला बसायला गाडीचं इंजिन त्यांना आवडतं. गादीतला काथ्या काढून घर करतात आणि वायरी कुरतडतात. कुरतडलेली वायर एकमेकीला चिकटली तर गाडी पेटूही शकते. म्हणून गाडीत धान्याचा दाणा, भुईमुगाची टरफलं, लेकरांचा खाऊ काही राहू देऊ नका. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा, लेंड्या दिसल्या की पिंजरा लावा. विष ठेवू नका, ते लेकराच्या किंवा जनावराच्या तोंडी जाऊ शकतं.

सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा बसवला तर उंदीर आणि माश्या आत घर करत नाहीत. पण तो काढायचा राहू नये म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा. लाल चिंधी दिसली की बोळा आठवला पाहिजे.

चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि उघडून पाहा. आत मांजर झोपलेली असते, आणि उंदराच्या मागे सापही येतो. अंधारात हात घालू नका, विजेरी घ्या.

दोन मिनिटं चालू करणं पुरत नाही

पुष्कळ घरांत आठ दिवसांनी गाडी दोन मिनिटं चालू करून बंद करतात. यानं फायदा कमी आणि तोटा जास्त. इंजिन चालू करायला बॅटरीची जेवढी ताकद जाते, तेवढी दोन मिनिटांत भरून येत नाही. इंधन जळताना वाफ तयार होते. गाडी पुरती तापली नाही तर ती वाफ सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते आणि आतून गंज धरतो.

पंधरा दिवसांतून एकदा गाडी रस्त्यावर काढून वीस-पंचवीस मिनिटं चालवा, आठ-दहा किलोमीटर तरी. बाजाराचा दिवस धरा, म्हणजे फेरी वाया जात नाही. बॅटरी भरते, तेल सगळीकडे फिरतं, ब्रेक मोकळे होतात, टायर गोल राहतात. जुन्या डिझेल जीपला हीटर असतो. थंडीत तो मेस्त्रीनं सांगितलेले सेकंद धरून मगच गाडी चालू करा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. बंद खोलीत किंवा दार लावलेल्या शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. गाडी आधी उघड्यावर, मग चावी. गाडीजवळ शेकोटीही नको.

कागदपत्रं उभी राहत नाहीत

गाडी उभी असली तरी कागदांच्या तारखा पुढे सरकतात. रस्त्यावर गाडी काढायची तर विमा आणि पीयूसी चालू हवेत. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पुढच्या पाच वर्षांसाठी असतं, आणि पर्यावरण करही भरावा लागतो. एमएच-२८ क्रमांकाच्या आपल्या गाड्यांसाठी बुलढाण्याचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. मुदत संपायच्या आधीच अर्ज करा.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचा वेगळा नियम केला. पण ती नोंदणी प्रदर्शनासारख्या कामांसाठी असते, रोजच्या वापराला चालत नाही. आपली जीप रोजच्या कामाची आहे, तिला साधी नोंदणीच बरी. आणि खासगी गाडीत पैसे घेऊन प्रवासी बसवू नका. अपघात झाला तर विम्याची भरपाई अडू शकते.

गटाच्या वहीत एक पान

आपण बचतीची वही लिहितो. कुणी किती भरले, कुणाचा हप्ता राहिला, एक रुपया चुकत नाही. त्याच वहीत गाडीसाठी एक पान ठेवा. पाच रकाने पुरे: तारीख, बॅटरी, टायरची हवा, तेल-पाणी, किती किलोमीटर चालवली. महिन्याच्या बैठकीत हप्ते वाचतो तेव्हा हे पानही वाचायचं. खाली विम्याची आणि पीयूसीची शेवटची तारीख लिहायची. जवळच्या मेस्त्रीचा आणि चालवता येणाऱ्या दोन माणसांचा फोन नंबरही तिथेच.

त्या दोन माणसांत एक आपल्यातली असावी असं आम्हाला वाटतं. अठरा वर्षं पूर्ण झालेली कोणतीही बाई शिकाऊ परवाना काढू शकते. पुरुष माणूस परत येईपर्यंत चावी खिळ्यालाच राहावी, असा काही कायदा नाही.

आजारपणात, बाळंतपणात पहिला फोन १०८ लाच करायचा. ती सेवा मोफत आहे आणि तिच्यात उपचाराची सोय असते. पण ती गाडी लांब असेल, रस्ता खराब असेल, तर दारातल्या गाडीनं चावी फिरवताच चालू झालं पाहिजे. हिवाळाभर तिच्याकडे लक्ष द्यायचं ते एवढ्यासाठी.

आमच्या मैत्रिणीची ती जीप आजही आहे. गोठ्यापासून दूर, लुगड्याच्या पांघरुणाखाली, चाकाला दगड लावून उभी असते. गेल्या बाजारच्या दिवशी आम्ही तिच्यातून मेथी आणि तुरीच्या शेंगा घेऊन गेलो. स्टिअरिंगला लाल चिंधी होती. ती सोडली, बोळा काढला, चावी फिरवली, आणि जीप पहिल्या झटक्यात चालू झाली.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एवढंच करा. पांघरूण काढा, हँडब्रेक सोडलेला आहे का ते पाहा, चाकाला दगड लावा आणि बॅटरीची काळी वायर काढून ठेवा. बाकीचं पुढच्या बैठकीत वहीचं पान आखून सुरू करू.